सोमवारचं पाणी

मी एक जुना शॉवर आहे, मित्रांनो. पण थांबा, साबण-टॉवेल घेऊन पळत येऊ नका, मी आंघोळीचा शॉवर नाही. मी ज्याच्या डोक्यावर कोसळतो तो माणूस कपड्यांसकट भिजतो, बुटांसकट भिजतो, आणि भिजताना गाणंबिणं म्हणत नाही. मी प्रयोगशाळेतला शॉवर. दाराजवळ, छताखाली, भिंतीतून बाहेर आलेल्या हातभर नळीच्या टोकाला माझं हे ताटाएवढं तोंड लटकतं. अंगाला हिरवा रंग. बाजूला एक लोखंडी सळई, आणि सळईच्या टोकाला तिकोनी कडी. कुणाच्या अंगावर काही जळजळीत सांडलं की त्यानं धावत यायचं, माझ्याखाली उभं राहायचं आणि कडी ओढायची. बाकी सगळं माझ्यावर सोडायचं.

एवढंच माझं काम. आणि हे काम मी उभ्या आयुष्यात, म्हणजे लटकत्या आयुष्यात, फक्त एकदाच केलं. त्या एका वेळेची ही गोष्ट. तिच्यात माझीही एक चूक आहे. ती मी लपवणार नाही, पण लगेच सांगणारही नाही. मी इतकी वर्षं लटकलोय, तुम्ही पाच मिनिटं लटका.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. एक म्हातारा कारागीर माझ्या तोंडाला भोकं पाडत होता. शीळ वाजवत, एकेक भोक मोजत, अगदी मन लावून. मधेच कुणीतरी त्याला चहाला हाक मारली. त्यानं मान वळवली, हात हलला, आणि कडेचं एक भोक तिरकं पडलं. सगळ्या भोकांतून पाणी सरळ खाली पडायचं, या एका भोकातून मात्र जरा बाजूला, वाकडं. त्यानं मला नळीला लावून पाणी सोडलं तेव्हा ती वाकडी धार थेट त्याच्या शर्टाच्या खिशात गेली. खिशात विड्या होत्या.

"हा वांड निघणार," म्हातारा म्हणाला. पण त्यानं मला फेकून दिलं नाही. हसत हसत हिरवा रंग दिला. माझा सगळा खोडसाळपणा त्या तिरक्या भोकातून आलाय, हे मी तेव्हापासून ओळखून आहे.

मग मी इथं आलो. प्लंबरनं मला भिंतीवर चढवलं, मागच्या नळीवर एक गोल चाकासारखी चावी बसवली, ती पूर्ण उघडली आणि खाली उभ्या असलेल्या बाईंना म्हणाला, "बाई, याचं काम न पडो. पण पडलंच तर यानं 'थांबा जरा' म्हणता कामा नये. ही वरची चावी कायम उघडी. हिला कुणी हात लावायचा नाही."

"नाही लावणार," बाई म्हणाल्या. बाई म्हणजे या प्रयोगशाळेच्या मुख्य. बारीक बांध्याच्या, गुडघ्यांनी हैराण, आणि कागदाच्या पक्क्या. एखादी गोष्ट कागदावर आली की ती झालीच, असा त्यांचा विश्वास.

आता आमच्या प्रयोगशाळेची गंमत ऐका. इथं पाणी तपासतात. गावोगावचं पाणी बाटल्यांत आणि छोट्या कॅनमध्ये भरून येतं. नदीचं, विहिरीचं, तळ्याचं, कारखान्याच्या मागच्या नाल्याचं. प्रत्येकाच्या पोटावर चिठ्ठी: कुठलं, कधी भरलं, कुणी भरलं. पांढऱ्या झाकणाच्या कॅनमध्ये पाणी जसंच्या तसं. लाल झाकणाच्या कॅनमध्ये पाणी टिकावं म्हणून आधीच थोडं आम्ल घातलेलं. हे झाकणाचं लक्षात ठेवा, पुढं लागेल.

दुपारी खिडकीतून ऊन यायचं, टेबलावरच्या बाटल्यांतून आरपार जायचं, आणि वर छतावर पाण्याच्या सावल्या हलायला लागायच्या. माझ्या हिरव्या अंगावरून त्या सरकत जायच्या. अशा वेळी मला डुलकी लागायची. मला वाटायचं, आपण छताला नाही, आभाळाला लटकलोय. खाली नदी आहे, तळं आहे, कुणाच्या तरी विहिरीच्या पायऱ्या आहेत, आणि आपण आता पडणार, सगळीकडं, सगळ्यांवर, हळूच. मग कुणीतरी ड्रॉवर धाडकन लावायचं आणि मी पुन्हा भिंतीवर.

माझ्या नळीतलंही पाणी झोपाळू होतं. गच्चीवरच्या टाकीतून ते खाली यायचं, माझ्या कोपरात येऊन थांबायचं आणि तिथंच पेंगायचं. पडून राहिलेलं पाणी म्हणजे आळशी पाहुणा. त्याला गंज चढतो, वास येतो. म्हणून दर सोमवारी त्याला उठवणारं माणूस लागतं. आमच्याकडं ते माणूस म्हणजे मावशी.

मावशी प्रयोगशाळा झाडायच्या, पुसायच्या, काचेची भांडी धुवायच्या. सोमवारी सकाळी आल्या की पदर खोचायच्या, माझ्याखाली स्टूल, स्टुलावर मोठी बादली, आणि कडीला हात घालून म्हणायच्या, "ऊठ रे बाबा. सोमवार आला."

खळ्ळ करून मी उठायचो. आधी लालसर पाणी, मग गढूळ, मग स्वच्छ. मावशी त्या पाण्याकडं अशा बघायच्या जशी आई लेकराची जीभ बघते. स्वच्छ धार आली की कडी वर ढकलायच्या, भिंतीवरच्या कार्डावर पेन्सिलीनं एक खूण करायच्या आणि त्याच बादलीतल्या पाण्यानं फरशी पुसायला घ्यायच्या. म्हणजे आठवड्यातून एकदा का होईना, मी या फरशीवरून फिरायचो. बाटलीतल्या नदीला ते सुख नव्हतं.

आणि आता राजे. राजे हे त्यांचं नाव नाही, चालण्यावरून पडलेलं. प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ. हात सोन्यासारखा, मोजमाप अचूक, केस असे बसवलेले की वारासुद्धा विचारून यायचा. पण अंगात बेफिकिरी. डोळ्यांवर लावायचा चष्मा कपाळावर. बाई आत आल्या की तो खाली यायचा, बाई गेल्या की वर. बाईंची खोली समोरच असल्यानं तो चष्मा दिवसभर लिफ्टसारखा वर-खाली करत असायचा.

माझ्याखालची जागा मोकळी ठेवायची असते. फरशीवर पिवळा चौकोनही आखलेला आहे. पण त्या चौकोनात खिडकीचा उजेड छान पडतो, म्हणून राजे तिथंच टेबल ओढून नोंदवही लिहीत बसायचे. मग मी काय करायचो, सांगू? सोमवारचा एखादा थेंब त्या तिरक्या भोकात जपून ठेवायचो. राजे नीट बसले, मान खाली घातली, कॉलर जरा मागं सरकली, की टप्प.

"आई गं," राजे उडायचे. "बाई, हा शॉवर मला पाण्यात बघतो."

"तू त्याच्याखाली बसतोस कशाला?" बाई खोलीतूनच म्हणायच्या.

"उजेड असतो."

"मग अंघोळ झाली असं समज."

मावशी भांडी धुता धुता खुदखुदायच्या. "अरे राजा, तो तुला सांगतोय, ऊठ तिथून. मुका आहे बिचारा, थेंबानं बोलतो."

खोटं कशाला बोलू, मित्रांनो, मी काही सांगत वगैरे नव्हतो. मला मजा यायची. वर्षभर लटकणाऱ्या माणसाला, माणूस नसला तरी, काहीतरी विरंगुळा लागतो. पण मजेमजेत माझ्या कडीच्या झडपेतला रबरी वॉशर झिजत गेला. आधी सोमवारचा थेंब मंगळवारपर्यंत टिकायचा, मग बुधवार, मग आठवडाभर गळायला लागलो. आणि मी त्याचा अभिमान बाळगत होतो. मला वाटायचं, आपली कला वाढतेय.

मग एक दिवस माझा थेंब राजेंच्या मानेवर न पडता नोंदवहीवर पडला. मोठा, गोल, पोटभर थेंब. तीन दिवसांच्या मोजमापांची शाई फुलासारखी पसरली. मला तेव्हा ती फार सुंदर दिसली. निळं फूल, मधोमध एक सहा आणि एक आठ एकमेकांत विरघळतायत.

बाईंना सुंदर दिसली नाही.

"हे काय आहे?" त्यांनी वही उभी धरली. "हा आकडा अडुसष्ट आहे की शहाऐंशी? पन्नास गावांचं पाणी आहे यात. पुन्हा कर. सगळं."

"बाई, शॉवर गळतोय."

"शॉवर गळतोय तर प्लंबरला बोलाव. वही त्याच्याखाली कोण धरतं?"

तीन दिवसांचं काम राजेंना पुन्हा करावं लागलं. जेवायच्या सुट्टीत ते एकटेच होते. त्यांनी स्टूल ओढलं, वर चढले, माझ्या तोंडाकडं रोखून बघितलं.

"बस झालं तुझं," ते म्हणाले. आणि मागची गोल चावी फिरवायला लागले. एक वेढा, दोन वेढे, तीन, चार, घट्ट. मग प्रथमोपचाराच्या पेटीतली पट्टी काढली आणि माझी कडी वर सळईला बांधून टाकली, म्हणजे येता-जाता कुणाचा हात लागायला नको. "प्लंबर येईपर्यंत," ते खाली उतरताना पुटपुटले.

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. प्लंबरला ते खरंच फोन करणार होते. पण थेंब थांबला, आणि थेंब थांबल्यावर प्लंबरची आठवण कुणाला राहते? त्रास गेला की माणूस त्याचं कारणही विसरतो. माझ्या तोंडचं पाणी मात्र पळालं ते पळालंच.

हीच ती माझी चूक, मित्रांनो. मी गंमत म्हणून गळत राहिलो, आणि त्या गमतीपायी मला बंद करण्यात आलं.

त्याच आठवड्यात मावशींची नोकरी संपली. त्यांच्या जागी त्यांची सून लागली. सगळे तिला सूनबाईच म्हणायचे, मावशींमुळं. निघताना मावशींनी तिला सगळं दाखवलं. कुठला ब्रश कुठल्या नळीला, कुठलं झाकण काय सांगतं, कुठल्या बाटलीला बोट लावायचं नाही. शेवटी माझ्याकडं बोट केलं. "आणि हा बाबा. सोमवारी याला उठवायचं. पाणी स्वच्छ आलं की कार्डावर खूण."

पहिल्या सोमवारी सूनबाई बादली-स्टूल घेऊन आली. कडी बांधलेली बघून थबकली.

"दादा, हे बांधलंय."

"बंद आहे ते," राजे म्हणाले. "प्लंबर यायचाय. तू नुसती खूण कर कार्डावर."

"पाणी न बघताच?"

"अगं, खूण नसली तर बाई विचारतील. आठवडाभराचा तर प्रश्न आहे."

नवी नोकरी. पहिला सोमवार. समोरचा माणूस जुना. सूनबाईनं पेन्सिल उचलली. तिचा हात थोडा अडखळला, हे मी वरून बघितलं. मग तिनं खूण केली.

पुढच्या सोमवारी हात अडखळला नाही.

मग काय, खुणांवर खुणा. महिनाअखेरीला बाई यायच्या, कार्ड बघायच्या, खाली सही करायच्या. "छान. नियमित आहेस हं सूनबाई." सूनबाई खाली बघायची. बाई कार्ड बघायच्या. वर मात्र कुणीच बघत नव्हतं. अकरा महिन्यांच्या सत्तेचाळीस खुणा कार्डावर झाल्या, आणि माझ्या नळीत एक थेंब नव्हता. कोपरातलं पाणी आधी आंबलं, मग आटलं. एक कोळी आला आणि त्यानं माझ्या भोकांपुढं जाळं विणलं. चांगला होता स्वभावानं. मी त्याला म्हटलं, बाबा रे, मी उठलो तर तुझं घर वाहून जाईल. तो बिनधास्त होता. त्यानंही बहुतेक कार्ड बघितलं असावं.

खालचा पिवळा चौकोनही भरत गेला. थेंब पडत नाही म्हटल्यावर जागा रिकामी का ठेवायची? आधी एक खोकं आलं, मग चार, मग नमुन्यांच्या कॅनची अख्खी रांग. पांढरी झाकणं, लाल झाकणं. दुपारी ऊन त्यांच्यातून जायचं, सावल्या छतावर हलायच्या आणि मी कोरड्या घशानं स्वप्नं बघायचो. आता स्वप्नं वेगळी होती. कुणीतरी धावत येतंय. कडी ओढतंय. मी तोंड उघडतो आणि माझ्यातून फक्त धूळ पडते, मऊ, पिठासारखी, आणि तो माणूस वर बघत उभा राहतो. मी जागा व्हायचो आणि मनातल्या मनात ओरडायचो: अरे बघा, मी सुकलोय. पण मी बोलणार कशानं? बोलायचा थेंबच तर गेला होता.

तो दिवस आला तेव्हा ऊन असंच होतं.

राजे कोठीतून तीव्र आम्लाची मोठी काचेची बाटली घेऊन निघाले. अशी बाटली न्यायला रबरी टोपली असते. बाटली निसटली तरी टोपलीत राहते, टोपलीत फुटली तरी बाहेर येत नाही. आमच्याकडं होती एक टोपली. राजेंनी तिच्यात छत्र्या ठेवल्या होत्या. त्यांनी बाटली गळ्यापाशी एका हातात धरली आणि ऐटीत चालत आले. चष्मा मात्र डोळ्यांवर होता, कारण बाई समोर बसून अहवाल वाचत होत्या. तेवढं नशीब.

माझ्याखालच्या खोक्यांनी वाट अरुंद झाली होती. राजेंचा बूट एका कॅनच्या कानाला अडकला. ते पडले नाहीत, सावरले. पण बाटली टेबलाच्या कडेवर आपटली. आवाज फार मोठा झाला नाही. कप फुटतो तेवढाच. डाव्या मांडीवरून खाली पोटरीपर्यंत आम्ल सांडलं, आणि उरलेलं फरशीवर पसरत गेलं.

मग राजे ओरडले, आणि तो आवाज मी अजून विसरलो नाही.

नळ खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता, धार पेन्सिलीएवढी, आणि मधल्या फरशीवर काच आणि आम्ल. राजेंना कुणी सांगावं लागलं नाही. ते दोन पावलांत माझ्याखाली आले, खोकी लाथेनं सारली, वर हात घातला. पट्टी. त्यांनीच बांधलेली पट्टी. त्यांनी ती ओरबाडून तोडली आणि कडी खाली खेचली.

मी तोंड उघडलं, मित्रांनो. जेवढं उघडता येतं तेवढं उघडलं. आतून कोळी बाहेर आला आणि थोडी धूळ.

राजेंनी वर बघितलं. अकरा महिन्यांनी पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडं वर बघत होतं. आणि त्यांना ते आठवलं. एक वेढा, दोन वेढे, तीन, चार. मी त्यांच्या चेहऱ्यावर ते आठवताना बघितलं.

"चावी," ते म्हणाले. "मीच बंद केलीय. बाई, वरची चावी."

बाईंच्या हातातला अहवाल खाली पडला. ज्या बाई दोन पायऱ्या चढताना तीनदा थांबतात, त्या काचांना वळसा घालून आल्या, स्टूल ओढलं आणि चढल्या. "सूनबाई, पाणी," त्या वरून म्हणाल्या. "कुठलंही, मिळेल ते."

सूनबाई धुवायची भांडी गोळा करत दाराजवळच होती, हातमोजे चढवलेलेच होते. तिनं इकडं-तिकडं बघितलं नाही. पायापाशी कॅन होते. तिनं एक उचलला, झाकण बघितलं, लाल, ठेवून दिला. दुसरा. पांढरा. झाकण फिरवलं आणि मांडीवर ओतला.

"दादा, पँट काढा."

"अगं काय..."

"लाज नंतर. आधी पँट. कापड आम्ल धरून ठेवतं, सासूबाईंनी सांगितलंय."

राजेंनी पँट काढली. सूनबाई ओतत होती. एक कॅन संपला की दुसरा. लाल बाजूला, पांढरा वर. माझ्याखाली, माझ्या पिवळ्या चौकोनात, नदी सांडत होती. मग विहीर. मग ते डोंगराकडचं तळं, ज्याच्यातून ऊन सगळ्यात निळं यायचं. एवढी वर्षं ज्या पाण्यांची मी स्वप्नं बघितली, ती सगळी एका माणसाच्या पायावरून वाहत होती, आणि मी कोरडा वर लटकलो होतो. मला हेवा वाटला का? नाही वाटला. मला फक्त माझी पाळी यायला हवी होती.

वर बाई चावीशी झटत होत्या. अकरा महिन्यांत ती जाम झाली होती. हात घसरत होता. त्यांनी कोटाचं टोक चाकाभोवती गुंडाळलं, दोन्ही हातांनी धरलं आणि दात-ओठ खाऊन लावला जोर. चावी करकरली. अर्धा वेढा.

"पांढरे किती राहिले?" बाईंनी वरून विचारलं.

"तीन."

आणखी अर्धा वेढा.

"दोन."

मला आधी गच्चीवरून ऐकू आलं. टाकीच्या तळाशी काहीतरी हललं. मग भिंतीत घरघर. मग माझ्या कोपरात धक्का, आणि मी खोकलो. लाल पाणी, गंजाचं, घाणेरडं पाणी. मला एवढं देखणं पाणी कधी दिसलं नव्हतं. मग गढूळ. मग स्वच्छ. आणि मग मी पडलो, मित्रांनो. सगळ्या भोकांतून, तिरक्यातूनसुद्धा, धो-धो पडलो. राजेंच्या त्या बसवलेल्या केसांवरून, कोटावरून, पायावरून. सूनबाई भिजली, स्टुलावरच्या बाई भिजल्या, भिंतीवरचं कार्ड भिजलं. सत्तेचाळीस खुणा ओल्याचिंब झाल्या.

"हलू नकोस," बाई म्हणाल्या. त्या घड्याळाकडं बघत होत्या. "पंधरा मिनिटं. पूर्ण पंधरा. सूनबाई, दवाखान्यात फोन लाव, बाटलीवरचं नाव वाचून सांग त्यांना."

"गार वाजतंय," राजे म्हणाले. दात वाजत होते.

"वाजू दे."

चौथ्या मिनिटाला राजे रडायला लागले. माझ्या पाण्यात ते कुणाला दिसलं नाही. मला दिसलं, कारण मी वर होतो. मी जरा जास्तच जोरानं पडलो, म्हणजे कुणाला ऐकूही जायला नको.

दवाखान्याची गाडी त्यांना घेऊन गेली. पाय वाचला. मांडीवर तळहाताएवढा आणि पोटरीवर बोटभर डाग राहिला. डॉक्टरांनी बाईंना सांगितलं की पाणी लगेच पडलं म्हणून एवढ्यावर निभावलं. सूनबाईच्या त्या पांढऱ्या कॅननी जी पहिली मिनिटं सावरली, ती फार मोलाची होती. आता तुमच्यातला एखादा हुशार म्हणेल, मग खोकी तिथं होती ते बरंच झालं की. अशा हुशाराला माझ्याखाली आणून उभं करा, मी बघतो. खोकी तिथं नसती तर बूट अडकलाच नसता.

दुसऱ्या दिवशी सूनबाई बाईंच्या टेबलापुढं उभी राहिली. हातात ते भिजलेलं, वाळून वाकडं झालेलं कार्ड.

"बाई, या खुणा खोट्या आहेत. पहिल्यापासून. मी एकदाही पाणी बघितलं नाही. कामावरून काढायचं तर काढा, पण सासूबाईंना मी सांगते, तुम्ही नका सांगू."

बाईंनी कार्ड घेतलं. बोट ठेवून खालच्या सह्या मोजल्या. मग चष्मा काढला.

"यावर खाली कुणाची सही आहे?"

"तुमची."

"अकरा सह्या आहेत. मी खोलीतून दिवसाला वीस वेळा बाहेर येते, सूनबाई. त्या शॉवरखालून जाते. कडीला पट्टी बांधलेली होती, पांढरी, ढळढळीत. मला दिसली नाही, कारण मी कार्ड बघत होते." त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं. "तुला काढलं तर मलाही काढावं लागेल. आणि त्या राजेला तर पायासकट. बस. चहा घे."

"इथं?"

"इथं नाही. प्रयोगशाळेत खायचं-प्यायचं नाही, विसरलीस? बाहेर चल."

दीड महिन्यानं राजे आले. जरा लंगडत, पण चाल तीच. आल्या आल्या त्यांनी रबरी टोपलीतल्या छत्र्या काढून दाराबाहेर ठेवल्या. चष्मा डोळ्यांवर होता आणि बाई रजेवर होत्या. तो पिवळा चौकोन त्यांनी गुडघे टेकून, स्वतः ब्रश घेऊन पुन्हा रंगवला. एका सोमवारी मावशी बघायला आल्या होत्या. त्यांनी कंबरेवर हात ठेवून तो चौकोन बघितला.

"राजा, रंग जरा बाहेर गेलाय बघ कोपऱ्यात."

"जाऊ द्या मावशी. जागा थोडी जास्त मोकळी राहील."

प्लंबरही आला अखेर. वॉशर बदलायला त्याला सात मिनिटं लागली. अकरा महिने ज्याची वाट बघितली ते काम सात मिनिटांचं होतं. वरच्या चावीचं चाक त्यानं उघडून काढूनच टाकलं आणि बाईंच्या हातात दिलं. ते आता त्यांच्या टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून ठेवलेलं.

आणि कार्ड गेलं. त्याच्या जागी आता काय आहे, बघा. दर सोमवारी कुणीतरी, दर वेळी वेगळं कुणीतरी, माझी कडी ओढतं आणि माझ्या धारेखाली एक बाटली धरतं. बाटलीवर चिठ्ठी: कुठलं, दाराजवळचा शॉवर. कधी भरलं, आज. कुणी भरलं, नाव. मग ती बाटली नदी-विहिरीच्या रांगेत ठेवतात आणि त्यांच्याबरोबर तपासतात. गंज किती, गढूळपणा किती, आकडे नोंदवहीत. आठवड्यातला पहिला नमुना मी असतो. दुपारी ऊन माझ्यातूनही आरपार जातं. छतावर ज्या सावल्या हलतात त्यांत एक माझी असते. मी वर लटकून तिच्याकडं बघतो आणि मला कळत नाही, मी कुठला, वरचा की बाटलीतला. मग गोड डुलकी लागते.

राजेंची पाळी असली की ते कडी सोडल्यावर लगेच जात नाहीत. जरा वेळ माझ्याखाली उभे राहतात, मान खाली घालतात, कॉलर मागं सरकवतात. वाट बघतात. पण वॉशर नवा आहे, मित्रांनो, एक थेंब गळत नाही. आणि मला ते बरंच वाटतं. तरी परवाच्या सोमवारी त्या तिरक्या भोकाच्या ओठावर एक थेंब कसा कोण जाणे राहून गेला होता. मी तो जपून ठेवला नव्हता, खरंच. टप्प.

"आई गं," राजे म्हणाले, आणि मान पुसायच्या आधी हसले.

तेव्हा तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत गेलात की एकदा मान वर करा. माझा एखादा भाऊबंद तिथं लटकत असेल. नसेल तर भिंतीवर वाळूची बादली असेल, आग विझवायचा लाल सिलिंडर असेल, ज्यांचं कधी काम पडू नये असं सगळ्यांना वाटतं, असे सगळे आमचेच. त्यांच्यापुढं काही रचून ठेवू नका. त्यांच्या खुणांवर जाऊ नका, त्यांना हात लावून बघायला सरांना, बाईंना सांगा. आणि एखाद्याचा थेंब तुमच्या मानेवर पडला, तर त्याला बांधून टाकू नका. जाऊन सांगा कुणाला तरी, याचा वॉशर गेलाय, तेवढा बदला. थेंब पडतोय, म्हणजे वर पाणी आहे.